हिरवळीखालचा सातबारा : नव्या शहरात परवडणारा गोल्फ क्लब निवडताना

पुण्याहून बेंगळुरूला, नागपूरहून हैदराबादला, मुंबईहून गुरुग्रामला बदलून जाणाऱ्यांत गोल्फ खेळणारी मराठी माणसे पूर्वी मोजकीच असत. लष्करी अधिकारी, सनदी नोकर आणि जुन्या परदेशी कंपन्यांतले वरिष्ठ एवढेच. गेल्या काही दशकांत त्यांत माहिती-तंत्रज्ञान, औषधनिर्माण, बँकिंग या क्षेत्रांतल्या नोकरदारांची आणि लहान उद्योजकांची भर पडली. घर आणि मुलांची शाळा ठरली की या मंडळींसमोर क्लबाचा प्रश्न उभा राहतो. क्लब खासगी हवा, खिशाला झेपणारा हवा आणि आठवड्यातून एकदा तरी अठरा होल खेळून व्हायला हवेत. या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी जमतात का, यावर खेळाडूंमध्ये बराच मतभेद आहे. त्या मतांचा, त्यामागच्या इतिहासाचा आणि खर्चाच्या हिशेबाचा हा आढावा. तो घेताना एक गोष्ट वारंवार समोर येते. क्लब परवडेल की नाही, हे सगळे प्रवेश शुल्काच्या आकड्याकडे बघून ठरवायला जातात. प्रत्यक्षात ते बरेचसे मैदानाखालची जमीन कोणाची आहे यावर ठरते.

पार्श्वभूमी : चार जमिनी, चार तऱ्हेचे क्लब

ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्यात आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबाची स्थापना १८२९ ची. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला, तो पुढे टिकला नाही. बेंगळुरू गोल्फ क्लब १८७६ चा. मुंबईत १९१८ साली सुरू झालेल्या विलिंग्डन क्लबाने भारतीय आणि युरोपीय दोघांनाही दार उघडले, आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ मध्ये आला. अशा जुन्या क्लबांची मैदाने आखली गेली तेव्हा आजूबाजूला माळरान होते. शहरे वाढली आणि ती मैदाने ऐन शहरात आली. जमीन बहुतेक ठिकाणी सरकारी भाडेपट्ट्याची, त्यामुळे सभासदांचा मासिक खर्च आटोक्यात राहिला. पण मैदान वाढवायला जागा नाही आणि सभासदत्व सोडायला कोणी तयार नाही. म्हणूनच दिल्ली गोल्फ क्लबासारख्या ठिकाणी प्रतीक्षायादी दशकांमध्ये मोजली जाते.

दुसरा प्रकार लष्करी मैदानांचा. महालेखापरीक्षकांच्या २०१०-११ च्या अहवालाने संरक्षण खात्याच्या जमिनीवर ९७ गोल्फ मैदाने आणि त्यांखाली ८,०७६ एकर जमीन असल्याची नोंद घेऊन त्यांच्या वापरावर आक्षेप घेतला होता. यांतल्या अनेक मैदानांवर नागरी खेळाडूंना मर्यादित संख्येने प्रवेश मिळतो. दर माफक असतात, पण अधिकाऱ्यांना प्राधान्य असते आणि नागरी सभासदत्वाचे नियम वरून आलेल्या एका आदेशाने बदलू शकतात.

तिसरा प्रकार निमसरकारी संस्थांनी उभारलेल्या मैदानांचा. दिल्ली विकास प्राधिकरणाची कुतुब आणि भलस्वा ही मैदाने आणि नवी मुंबईत सिडकोने डोंगराच्या कुशीत केलेले खारघरचे मैदान ही त्याची ओळखीची उदाहरणे. ठरावीक शुल्क भरून येथे कोणीही खेळू शकतो. चौथा प्रकार विकसकांच्या क्लबांचा. नव्या वसाहती आणि रिसॉर्टच्या जोडीने तो गेल्या तीसेक वर्षांत वाढला. पुण्याच्या पश्चिमेच्या टेकड्यांवरचे ऑक्सफर्ड, लोणावळ्याजवळची अँबी व्हॅली, बेंगळुरूच्या उत्तरेला नंदी हिल्सच्या वाटेवरचे प्रेस्टिज गोल्फशायर, हैदराबादचे बोल्डर हिल्स ही त्यातली काही नावे. येथे पैसे भरले की सभासदत्व सहसा लगेच मिळते.

नव्या शहरात आलेल्या माणसाच्या निवडीची चौकट या चार प्रकारांतूनच तयार होते. जुन्या क्लबात खर्च कमी पण प्रवेश दुर्मीळ, विकसकाच्या क्लबात प्रवेश सोपा पण शुल्क जड. लष्करी आणि सार्वजनिक मैदाने यांच्या मध्ये कुठेतरी.

हिशेब नेमका कशाचा करायचा

जाणते खेळाडू प्रवेश शुल्क बाजूला ठेवून प्रत्येक फेरीमागे पडणारा खर्च काढतात. तो कसा काढायचा हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, प्रवेश शुल्क १० लाख रुपये आहे आणि ते परत मिळणारे नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ११ लाख ८० हजार होतात. दहा वर्षांत विभागले तर वर्षाला १ लाख १८ हजार. मासिक वर्गणी ३,००० रुपये धरली तर करासह वर्षाला ४२,४८०. म्हणजे मैदानावर पाऊल ठेवण्याआधीच वर्षाचे १ लाख ६० हजार ४८० रुपये खर्ची पडले. वर्षात पन्नास फेऱ्या झाल्या तर एका फेरीला सुमारे ३,२१० रुपये पडतात. महिन्याला दोनच, म्हणजे चोवीस झाल्या, तर सुमारे ६,६९०. शिवाय भरलेली रक्कम सात टक्क्यांनी गुंतवली असती तर पहिल्याच वर्षी ८२,६०० रुपये व्याज आले असते, तेही या हिशेबात धरायला हवे.

यापुढचा खर्च महिन्याच्या बिलात ओळीओळीने दिसतो. सभासदाची सवलतीची ग्रीन फी, कॅडीची फी, कार्टचे भाडे, रेंजवरच्या चेंडूंच्या बादल्या, लॉकर, पाहुण्यांची ग्रीन फी, स्पर्धांची प्रवेश फी, आणि काही क्लबांत दर महिन्याला खाण्यापिण्यावर किमान इतका खर्च झालाच पाहिजे अशी अट. क्लबहाऊसची दुरुस्ती किंवा ग्रीन नव्याने बांधण्यासाठी सभासदांकडून घेतली जाणारी एकरकमी वर्गणी वेगळीच. अर्ज करण्यापूर्वी एखाद्या सभासदाच्या मागच्या सहा महिन्यांच्या बिलांवर नजर टाकता आली, तर माहितीपत्रकापेक्षा कितीतरी जास्त कळते.

फेऱ्यांची संख्या हवामानावरही ठरते, आणि घर बदलणाऱ्यांकडून हा मुद्दा हमखास सुटतो. मुंबईच्या पावसाळ्यात फेअरवे आठवडेच्या आठवडे चिखलात असतात. दिल्ली-गुरुग्रामकडे जूनचे ऊन आणि जानेवारीतले धुके सकाळचे टी टाइम, म्हणजे फेरी सुरू करण्याच्या ठरलेल्या वेळा, खाऊन टाकतात. बेंगळुरूत मात्र जवळपास वर्षभर खेळता येते. त्यामुळे एकाच शुल्काची किंमत दोन शहरांत वेगवेगळी पडते. अंतराचेही तसेच आहे. शनिवारी पहाटे क्लब चाळीस मिनिटांवर असतो; त्याच क्लबाला बुधवारी संध्याकाळी कार्यालयातून पोहोचायला दोन तास लागत असतील, तर आठवड्यातली मधली फेरी कागदावरच राहते.

पहिले मत : सभासद व्हावेच

या मताच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद टी टाइमचा आहे. शहरातल्या मैदानांवर शनिवार-रविवारची सकाळ बहुधा सभासदांसाठी राखीव असते. पाहुण्याला मिळते ती दुपारची उन्हाची वेळ. ज्याला आठवड्याचे पाच-सहा दिवस काम आहे, त्याच्यासाठी सभासदत्व म्हणजे सुटीच्या सकाळी खेळायला मिळण्याची हमी. दुसरा मुद्दा सोबत्यांचा. नव्या शहरात ओळखी नसतात आणि गोल्फ चौघांत रंगतो. क्लबाच्या मासिक स्पर्धेत अनोळखी माणसांबरोबर चार तास चालले की ओळख होते, आणि ती बैठकीतल्या ओळखीपेक्षा खोल जाते. तिसरा मुद्दा कुटुंबाचा. पोहण्याचा तलाव, टेनिस, मुलांचे वर्ग आणि जेवणाची सोय एका वर्गणीत बसत असेल, तर सगळा खर्च एकट्या गोल्फच्या माथी मारणे बरोबर नाही, असे हे लोक म्हणतात. ते रास्त आहे, मात्र घरचे खरोखरच क्लबात येणार असतील तर.

दुसरे मत : पैसे भरून खेळावे

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की आजच्या नोकऱ्यांत एका शहरात दहा वर्षे राहण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. बहुतेक क्लबांत सभासदत्व दुसऱ्याला विकता येत नाही, आणि जेथे हस्तांतराची सोय आहे तेथे क्लब त्याचे शुल्क घेतो. तीन वर्षांत पुन्हा बदली झाली तर वरच्या उदाहरणातल्या प्रवेश शुल्काचा वर्षाला वाटा १ लाख १८ हजारांवरून ३ लाख ९३ हजारांच्या पुढे जातो. त्याऐवजी सार्वजनिक मैदानावर किंवा विकसकाच्या क्लबात सवलतीच्या दिवशी पाहुण्याची फी भरून खेळावे, महिन्यातून एकदा दूरच्या चांगल्या मैदानावर जावे आणि उरलेला सराव रेंजवर करावा, असे हे गणित आहे.

या मताला सार्वजनिक हिताची एक बाजूही आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आलेली अदिती अशोक पाच-सहा वर्षांची असताना बेंगळुरूच्या कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानावर खेळू लागली. घरात तोवर कोणी गोल्फ खेळत नव्हते. ज्या शहरात अशी नवख्यांना आत येऊ देणारी रेंज असते, त्या शहरात खेळ वाढतो आणि आपले पैसेही तिकडेच जावेत, असे या मताचे खेळाडू मानतात. अडचण एवढीच की अशी मैदाने फार थोड्या शहरांत आहेत आणि जिथे आहेत तिथे गर्दी आहे.

तिसरे मत : मधला मार्ग

या दोन टोकांमध्ये बऱ्याच वाटा आहेत, आणि अनुभवी खेळाडू बहुधा त्यांतलीच एखादी सुचवतात. अनेक क्लबांत बदलीवर आलेल्यांसाठी तात्पुरते सभासदत्व असते, ठरावीक वर्षांचे मुदतीचे सभासदत्व असते, आणि कंपनीच्या नावावरचे कॉर्पोरेट सभासदत्व असते, ज्यात नाव बदलता येते. आपल्या मूळ शहरातल्या क्लबाशी संलग्न असलेल्या क्लबांत वर्षातले काही दिवस सवलतीने खेळता येते. त्यामुळे पुण्यात सभासद असलेल्याने बेंगळुरूत अर्ज भरण्याआधी आपल्या क्लबाची संलग्न क्लबांची यादी जरूर पाहावी. फक्त आठवड्याच्या मधल्या दिवसांचे सभासदत्व हाही एक स्वस्त पर्याय असतो. निवृत्तांना किंवा स्वतःचा व्यवसाय असलेल्यांना तो चांगला मानवतो.

या मार्गाची मर्यादा अशी की मुदत संपल्यावर नूतनीकरण होईलच असे नाही, आणि तात्पुरत्या सभासदाला मताचा अधिकार नसतो. पण नव्या शहरातली पहिली एक-दोन वर्षे तरी असे खेळून सगळी मैदाने पायाखाली घालावीत आणि मगच मोठी रक्कम भरावी, यावर तिन्ही मतांच्या लोकांत आज बऱ्यापैकी एकमत दिसते.

प्रवेश, हँडिकॅप आणि मैदानाची पारख

जुन्या क्लबात अर्जाला प्रस्तावक आणि अनुमोदक लागतात. दोघेही काही वर्षांचे सभासद असावे लागतात. नवख्याला ते मिळवणे सर्वांत अवघड जाते. येथे हँडिकॅप कामी येतो, म्हणजे खेळाडूच्या कौशल्यानुसार त्याला मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांचा आकडा. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू झाल्याने एका शहरातला निर्देशांक दुसऱ्या शहरात तसाच चालतो. कमाल निर्देशांक ५४ आहे, म्हणजे अगदी नवा खेळाडूही अधिकृत नोंद घेऊन जाऊ शकतो. निष्णात खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला मैदान किती अवघड जाते हे स्लोप रेटिंगवरून कळते आणि ११३ हे त्याचे प्रमाण. १८ निर्देशांकाच्या खेळाडूला ११३ स्लोपच्या मैदानावर साधारण १८ फटके मिळतात, १३० स्लोपच्या मैदानावर साधारण २१. नव्या क्लबाच्या खुल्या स्पर्धेत हँडिकॅप दाखवून उतरले की सोबतचे खेळाडू आणि त्यांतूनच पुढे प्रस्तावक भेटतात.

मैदान पाहताना क्लबहाऊसच्या संगमरवरापेक्षा काही साध्या गोष्टी जास्त सांगतात. सकाळी दहाच्या सुमारास अठराव्या ग्रीनवर उभे राहावे. चेंडू पडल्याच्या खुणा बुजवलेल्या आहेत का, ते पाहावे. न बुजवलेली खूण पिवळी पडते आणि कितीतरी दिवस तशीच राहते. तशा पंधरा-वीस खुणा दिसल्या तर सभासदांना आणि कर्मचाऱ्यांना मैदानाची फिकीर नाही, असे समजावे. बंकरमधली वाळू रेक केलेली आहे की पावलांनी खचलेली, टी बॉक्सवर गवत उरले आहे की नुसती माती, हेही पाहावे. मग कॅडीमास्टरच्या खिडकीशी थोडा वेळ थांबावे. कॅडींच्या पाळ्या क्रमाने लागतात की ओळखीने, त्यांना बसायला सावली आणि प्यायला पाणी आहे का, पैसे त्यांच्या हाती थेट जातात का, हे अर्ध्या तासात दिसते. जो क्लब कॅडीला नीट वागवतो तो सहसा सभासदालाही नीट वागवतो. भारतीय गोल्फचा इतिहासही हे सांगतो. १९९१ ची इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी होता, आणि २०१६ व २०१७ मध्ये तीच स्पर्धा जिंकणारा एस. एस. पी. चौरासिया रॉयल कलकत्ता क्लबाच्या ग्रीनकीपरचा मुलगा.

कुटुंबाच्या दृष्टीने दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. पतीच्या नावावर सभासदत्व असताना पत्नीला स्वतंत्र मताधिकार आणि सुटीच्या सकाळचा टी टाइम मिळतो का. आणि मुलांचे अवलंबित सभासदत्व कोणत्या वयात संपते, त्यानंतर त्यांना कोणत्या शुल्कात सभासद होता येते. पोशाखाचे नियमही जाणून घ्यावेत. २०१७ मध्ये खासी पोशाखातल्या एका महिलेला दिल्ली गोल्फ क्लबाच्या भोजनगृहातून उठायला सांगितल्यावर देशभर चर्चा झाली होती. घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला आपण ज्या मानाने वागवतो, तो मान क्लबात मिळेल का, हा प्रश्न परवडण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न जमिनीचा. २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सचा भाडेपट्टा रद्द करून जमीन ताब्यात घेतली. मद्रास जिमखान्याचे गोल्फ मैदान त्या रेसकोर्सच्या आतच होते. त्याच वर्षी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचा मोठा भाग सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचा निर्णय झाला. शहरातल्या मोकळ्या जमिनीवर थोड्यांचा हक्क असावा की सगळ्यांचा, हा वाद आता भाडेपट्ट्यांच्या नूतनीकरणाच्या टेबलावर आला आहे. क्लबांचे म्हणणे असे की त्यांनी शहरात झाडे आणि हिरवळ जपली, मैदान गेले तर तिथे इमारती उठतील. दुसरी बाजू म्हणते की हिरवळ राहावी पण फाटक उघडे असावे. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही गोल्फ क्लब मैदान म्हणून ओळखले जाते आणि तेथे रणजीचे सामने होतात, पहाटे माणसे फिरायला येतात. विकसकाच्या जमिनीलाही धोका नाही असे नाही. सहारा समूहाच्या थकबाकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अँबी व्हॅलीवर जप्ती आणली होती.

दुसरा प्रश्न कराचा. क्लब आणि त्याचे सभासद हे एकच असल्याने त्यांच्यातला व्यवहार करपात्र नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलकत्ता क्लबाच्या प्रकरणात जुन्या विक्रीकर आणि सेवाकराबाबत उचलून धरली. केंद्राने २०२१ मध्ये जीएसटी कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती करून तसे व्यवहार कराच्या कक्षेत आणले, आणि २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. शेवटचा शब्द अजून यायचा आहे. तोवर अर्जदाराने १८ टक्के धरूनच हिशेब करावा.

तिसरा प्रश्न पाण्याचा. १९९३ मध्ये आशियातल्या कार्यकर्त्यांनी जागतिक गोल्फविरोधी चळवळ उभी केली, तिच्या मुळाशी पाणी, रसायने आणि शेतजमीन होती. गोव्यात तेरेखोलच्या ग्रामस्थांनी गोल्फ प्रकल्पाला केलेला विरोध त्याच चिंतेतला. चंदीगडसारख्या शहरात मैदानाला प्रक्रिया केलेले सांडपाणी दिले जाते, आणि ही दिशा बहुतेकांना मान्य आहे. पण जिथे टँकरने पाणी येते अशा शहरात क्लबाचे पाणी कुठून येते हे विचारणे सभासदाच्या हिताचेही आहे. टंचाईच्या वर्षी पहिली कुऱ्हाड मैदानावरच पडते.

आज काय म्हणता येते

वर्षात चाळीस-पन्नास फेऱ्या होणार असतील, शहरात सहा-सात वर्षे राहणे जवळपास ठरले असेल आणि घरच्यांनाही क्लब हवा असेल, तर सभासदत्वाचा खर्च भरून निघतो. यातली एक गोष्ट डळमळीत असेल, तर तात्पुरते किंवा मुदतीचे सभासदत्व घ्यावे. दोन डळमळीत असतील तर पैसे भरून खेळावे. तिन्ही मते ऐकल्यावर इतपत निष्कर्ष सुरक्षित वाटतो.

त्याआधी मात्र क्लबाला तीन कागद मागावेत. जमिनीची मालकी किंवा भाडेपट्ट्याची मुदत सांगणारा कागद, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि सभासदत्व सोडण्याचे नियम. शेतजमीन घेताना सातबारा पाहिल्याशिवाय कोणी विसार देत नाही. लाखो रुपयांच्या प्रवेश शुल्कालाही तोच न्याय लावायला हवा. आज हे कागद बहुतेक क्लब फक्त वार्षिक सभेत आणि फक्त सभासदांपुढे ठेवतात. ते अर्जदारालाही दाखवण्याची पद्धत पडली, तर नव्या शहरात येणाऱ्या खेळाडूला ओळखीच्या माणसाच्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही, आणि परवडणारा क्लब कोणता हे त्याला स्वतःच ठरवता येईल.